धुरा नसलेलं पाणी

माझी अख्खी वकिली धुऱ्यावर गेली.
साकोलीच्या कोर्टात तेवीस वर्षं:
कुणाच्या बांधीत कुणाचा बैल,
कुणाचा आंबा रातोरात दोन हात सरकला.
झाड सरकत नाही हे सिद्ध करायला
मला चार तारखा लागल्या होत्या.

मग हिवराज वलथरे आला, ढिवरटोलीतला.
सदतीस पानांचा करार पिशवीत,
पिशवीवर जहाजाचं चित्र.
"वकीलबाई, माहा पगार अडला."
"कुठे?"
"समुद्रात."

पान नऊ. जहाज बहामाचं.
बहामा पाहिलंस का रे?
"नाई. जहाजाच्या मांगं लिवून होतं फक्त."
कंपनी तिसऱ्याच देशाची,
धुलाईचं कंत्राट मुंबईच्या एजंटाचं,
आणि भांडण झालंच तर ते लंडनला भांडायचं,
एका पंचासमोर.
मी चष्मा पुसला.
इथे मोजणीवाला साखळी टाकतो, खुंटी रोवतो,
दोन्हीकडचे शेजारी शिव्या देतात, मग नकाशा होतो.
त्या पाण्यात मी खुंटी कुठे रोवू?

मार्चात प्रवासी उतरले, सामानासकट, टोप्यांसकट.
हे खालीच राहिले,
पाण्याच्या रेघेखालच्या मजल्यावर,
एका खोलीत दोघं: हिवराज आणि मडगावचा बाझिल.
एकाहत्तर दिवस.
दारापुढे ताट ठेवून कुणीतरी ठोठवायचं आणि पळायचं.
रात्र कुठली कळेना,
म्हणून बाझिल झोपून उठला की दाढी करायचा
आणि दाढ्या मोजायचा.
पंचेचाळिसावीनंतर त्याला नेलं.
त्याचा साबण न्यायला कुणी आलं नाही.

कंपनीचं उत्तर आलं, जाड, गुळगुळीत कागदावर.
निर्बंध आरोग्यासाठी होते.
अलगीकरणात काम नव्हतं.
काम नव्हतं म्हणून पगार नव्हता.
तीन वाक्यं, आणि एकही खोटं नाही.
खोटं असतं तर बरं झालं असतं,
खोटं फोडता येतं मला.

"आणि गावाने? गावानेही कोंडलंच ना तुला?"
झेडपीच्या शाळेत, चौदा दिवस.
सोसायटीने बापाचं जाळं महिनाभर तळ्यात पडू दिलं नाही,
बाजारात आईच्या टोपलीपासून लोक लांबून गेले.
मी पेनाचं टोपण काढलं: ग्रामपंचायतीवरही टाकू?
तो बराच वेळ टेबलाच्या काचेखालचं कॅलेंडर वाचत बसला,
ते दोन वर्षं जुनं होतं.
मग म्हणाला, "राहू द्या.
शाळेले खिडकी होती."

पोलीस पाटलाची बायको त्या खिडकीबाहेर उभी राहून
रोज शिव्या द्यायची, काहून आलास बाप्पा तिकडून,
आन् गजांतून अंबाडीची भाजी सरकवून जायची.

सुनावणी माझ्या गच्चीवर झाली, रेंज तिथेच येते.
एका कोपऱ्यात कोहळ्याच्या वड्या वाळत होत्या.
पंच पडद्यावर, मागे पुस्तकांची भिंत.
विचारलं, खोली किती मोठी होती?
हिवराज बोलला नाही, उठला
आणि चालून दाखवू लागला.
एक, दोन, तीन, चार.
मी फोन फिरवेपर्यंत तो चौकटीबाहेर गेला होता.
पंचाला दिसलं असेल फक्त आभाळ
आणि वड्यांच्या चादरीची कड.

तडजोड झाली.
आकडा सांगायचा नाही, तशी सही आहे, कलम अकरा.
मला फी मिळाली, वर एक मरळ, जिवंत, बादलीत.
बाझिलचं नाव त्या कागदांत कुठेच नाही.
मी दोनदा शोधलं.

परवा त्याची आई बाजारात भेटली.
म्हणाली, पोट्टा घरच्या चादरींच्या घड्या
अजून जहाजावानीच घालते,
कोपरे असे धारदार, बाई,
का मले त् मोडाची भेव लागते,
मी खालीच झोपतो.